युरॉलॉजिस्ट आपल्या वस्तीतून का निघत नाही?

दरवर्षी एम.बी.बी.एस.च्या प्रवेशाच्या याद्या लागल्या की वसई-विरारच्या बुद्धविहारांसमोर सत्काराचे फलक झळकतात. मुलाच्या गळ्यात हार, आईच्या हातात पुष्पगुच्छ, व्यासपीठावर पुढारी आणि मागे परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा. हा आनंद खरा आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीवर बसवले, त्यांचे नातवंड गळ्यात स्टेथोस्कोप अडकवणार असेल तर ढोल वाजलेच पाहिजेत. आमचे म्हणणे इतकेच की हे ढोल फार लवकर थांबतात. सत्कार झाला, फोटो छापून आला, की त्या पोराचे पुढे काय झाले याची चौकशी कोणी करत नाही. ते एम.एस. झाले का? झाले तर कोणत्या विषयात? आणि त्यापुढची पायरी, जिला सुपर स्पेशालिटी म्हणतात, तिच्या दारापर्यंत ते पोचले का?

आम्ही सध्या भेटेल त्या कार्यकर्त्याला एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या ओळखीत आपल्या समाजाचा युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचा शल्यचिकित्सक, कोण आहे? एम.बी.बी.एस. डॉक्टर लोक पटापट सांगतात. स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात, बालरोगतज्ज्ञही सांगतात. युरॉलॉजिस्टवर गाडी अडते. मग कोणीतरी म्हणतो, "लघवीचा डॉक्टर ना? तो काय, कोणीही चालतो!" या हसण्यावारी नेण्यातच निम्मे दुखणे आहे.

वसई-विरारमध्ये या डॉक्टरची गरज कोणाला आहे ते आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. आज ती किती वाढली ते विरार लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला जनगणनेशिवाय कळते. नालासोपारा पूर्वेला संतोष भुवन, धानीवबाग, पेल्हार. विरारला मनवेलपाडा, फुलपाडा. वसई पूर्वेला वालीव, सातिवलीचे कारखान्यांचे गाळे. इथला माणूस दिवसभर पत्र्याखाली, भट्टीसमोर उभा असतो. घाम गाळतो, पाणी कमी पितो. तालुक्यात मिठागरे आहेत, वीटभट्ट्या आहेत. तिथे राबणाऱ्या आदिवासी आणि आगरी माणसाच्या डोक्यावर तर पत्राही नाही. शरीरातले पाणी आटले की लघवी घट्ट होते, क्षार साचतात आणि मुतखडा तयार होतो. यात गूढ काही नाही. पहाटेच्या लोकलने मुंबईला घरकामाला जाणारी आमची बहीण तर मुद्दामच पाणी पीत नाही, कारण वाटेत धड संडास नाही आणि मालकिणीच्या घरचा संडास तिच्यासाठी नाही. तिला वर्षातून चारदा लघवीला जळजळ होते. ती सांगते कोणाला?

पुरुषाची गोष्ट निराळी. साठी ओलांडली की प्रोस्टेटची गाठ वाढते, धार बारीक होते, रात्री पाचदा उठावे लागते. म्हातारा म्हणतो, वय झाले. एके दिवशी लघवी पूर्ण तुंबते, पोट ढोलासारखे होते आणि मध्यरात्री रिक्षातून दवाखाना गाठावा लागतो. तिथे नळी घालून पिशवी लावतात आणि सांगतात, मुंबईला दाखवा. मग ती पिशवी लुंगीखाली लपवून म्हातारा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विरारहून गाडी पकडतो. नायरसाठी मुंबई सेंट्रलला, के.ई.एम.साठी दादरला उतरून परळ गाठतो. तारीख मिळते पुढच्या महिन्याची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया बसतात हे अनेकांना ठाऊकच नसते. ज्यांना ठाऊक असते ते रेशनकार्डावरच्या नावाची चूक दुरुस्त करण्यात अडकलेले असतात.

पालघर जिल्ह्यात हत्तीरोग आहे. त्यातून होणारी अंडवृद्धी माणूस वर्षानुवर्षे धोतरात लपवतो. क्षयरोग मूत्रपिंडात आणि मूत्राशयात शिरतो, मूत्राशय आकसून मुठीएवढेही राहत नाही. हा गरिबीचा रोग आहे. आणि विडी-तंबाखू ओढणाऱ्याच्या लघवीतून न दुखता रक्त गेले तर तो मूत्राशयाचा कर्करोग असू शकतो, हे आपल्या किती लोकांना कोणी सांगितले? जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ सालीच रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा कर्करोग दाखवून दिला होता. आमच्याच जिल्ह्यात तारापूरची रासायनिक वसाहत आहे. बोईसरहून आलेल्या रोग्याला "काम कुठे करता, हातात काय धरता?" हे विचारायचे डॉक्टरला सुचले पाहिजे. कामगाराच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला ते न शिकवता सुचेल.

आता एका नळीची हकिकत सांगतो, कारण तीत सारे प्रकरण आले. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जी वाहिनी जाते तिच्यातला खडा काढल्यावर डॉक्टर बहुतेकदा आत एक बारीक नळी ठेवतात. तिला डी.जे. स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत वाट मोकळी राहावी एवढ्यासाठी ती असते. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत काढावीच लागते. पण रोग्याचे पोट दुखायचे थांबलेले असते. घरी जाण्याच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहिलेली असते. ती वाचून, समजावून सांगायला कोणी नसते. माणूस कामाला लागतो, ठेकेदार त्याला दुसऱ्या जागी नेतो, नळी आतच राहते. तिच्यावर क्षारांचे थर चढतात, नळीचाच खडा होतो, वाट बंद होते आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. विसरलेल्या स्टेंटचे रोगी हा आपल्या देशातल्या युरॉलॉजी विभागांना नेहमीचा अनुभव आहे. इथे शस्त्रक्रिया चुकली का? नाही. तंत्र चुकले का? नाही. बोलणे चुकले. रोग्याशी वारलीत, भोजपुरीत, आपल्या वस्तीतल्या मराठीत जो बोलेल, त्याच्या लाजेला जो जागा करून देईल, तो डॉक्टर ते मूत्रपिंड वाचवेल. आमच्या मुलांनी या शास्त्रात का जावे याचे आमच्यापाशी याहून मोठे कारण नाही.

आणि एक विरोधाभास पाहा. या देशात मलमूत्राशी ज्याचा संबंध आला त्याला जातीने सर्वात खाली ढकलले. ९ एप्रिल २०२४ रोजी विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत सांडपाणी प्रक्रिया टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. टाकीत उतरायला गुणवत्ता यादी लागत नाही! मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाने तर वैद्याचे अन्नही पुवासारखे अपवित्र ठरवले होते, कारण वैद्य रोग्याच्या शरीराला, रक्ताला, घाणीला हात लावतो. सुश्रुताच्या ग्रंथात मुतखडा काढण्याची शस्त्रक्रिया वर्णन केलेली आहे याचा अभिमान आज सगळे मिरवतात. तो चाकू धरणाऱ्या हाताबरोबर जेवायला मात्र मनूचा माणूस बसत नव्हता. तोच मूत्रमार्ग दुर्बिणीतून, लेझरने, भरघोस फी घेऊन तपासण्याचा विषय झाला, तेव्हा त्याच्या दारावर पाटी लागली: येथे फक्त गुणवत्ता!

बुद्धाच्या परंपरेत याची उलट बाजू आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एका भिक्खूची कथा येते. अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला, सोबत्यांनी टाकून दिलेला. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवले, मग संघाला बोलावून जाब विचारला. त्याच प्रकरणाच्या आरंभी जीवकाची कथा आहे. गणिकेच्या पोटी जन्मलेले, कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले ते मूल तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकले आणि बुद्धाचा वैद्य झाले. त्याला जन्म विचारून दारातून परत पाठवले असते तर? सोपाऱ्याचा स्तूप आपल्या नालासोपाऱ्यात आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. त्याच अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था केल्याची नोंद आहे. आपण पौर्णिमेला स्तूपावर जातो, वंदना घेतो. आसपासच्या चाळीत कोणाची लघवी तुंबली आहे हे विचारायला मात्र मुंबई गाठतो.

तर मग या डॉक्टरची वाट कशी आहे? पालकांना ती कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. बारावीनंतर नीट, पहिल्या फटक्यात सरकारी जागा मिळाली नाही तर एक वर्ष आणखी. एम.बी.बी.एस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. त्यात युरॉलॉजी स्वतंत्र विषय म्हणून फारसा वाट्याला येत नाही; ती सर्जरीच्या पोटात असते. विद्यार्थी नळी घालायला शिकतो, मुतखड्यावर टिपण लिहितो, एवढेच. मग नीट-पी.जी. देऊन जनरल सर्जरीत एम.एस., तीन वर्षे. मग नीट-एस.एस. देऊन युरॉलॉजीत एम.सीएच., आणखी तीन वर्षे. मध्ये कधीतरी सरकारी बंधपत्राची सेवा. सगळे सुरळीत झाले तरी चौतिसावे वर्ष उजाडते. ज्या घरात पोरगा चोविसाव्या वर्षी डॉक्टर झाला म्हणजे आता बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज आणि गावचे घर तोच पाहणार असे ठरलेले असते, त्या घराला ही आणखी दहा वर्षे कशी परवडणार? एम.एस. आणि एम.सीएच.च्या काळात विद्यावेतन मिळते हे खरे. पण परीक्षेच्या तयारीची मधली वर्षे कोरडी जातात. नेमक्या त्याच वर्षी आमचे पोर खाजगी रुग्णालयात रात्रपाळीला उभे राहते आणि शेजारच्या टॉवरमधला त्याचा वर्गमित्र वातानुकूलित अभ्यासिकेत बसतो. निकाल लागला की पेपरात येते, गुणवत्ता कोणाची!

मुलींसाठी तर ही वाट दुहेरी काट्यांची. युरॉलॉजीत मुळात स्त्रिया अगदी थोड्या. बाळंतपणातल्या इजेने ज्या बाईची लघवी अखंड गळत राहते, जिला घरात वेगळे बसवतात, ती पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही. तिला सर्जन बाई हवी. आमच्या मुलीला मात्र आपणच सांगतो, गायनिक घे, नाहीतर स्किन घे, लवकर मोकळी होशील. इथे मनुवाद्यांना दोष देऊन भागणार नाही.

आता मूळ मुद्दा. एम.बी.बी.एस.ला आरक्षण आहे. एम.एस.ला आरक्षण आहे. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना ते २००७ पासून मिळाले, ओबीसींना २०२१ पासून. पण एम.सीएच.च्या दारात ते संपते. हे कोणी केले? १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात, म्हणजे मंडलच्या निकालात, बहुमताने ओबीसी आरक्षण उचलून धरले गेले. मात्र त्याच निकालपत्रात काही पदांची यादी देऊन तिथे आरक्षण ठेवणे उचित होणार नाही असे मत नोंदवले गेले. वैद्यकातील सुपर स्पेशालिटीची पदे त्या यादीत होती. ऑगस्ट १९९९ मध्ये डॉ. प्रीती श्रीवास्तव विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात घटनापीठाने सुपर स्पेशालिटीच्या प्रवेशात आरक्षणाला जागा नाही असे सांगितले. जुलै २०१३ मध्ये एम्सच्या अध्यापकांच्या खटल्यात सुपर स्पेशालिटी विभागांतल्या अध्यापकपदांबाबतही इंद्रा साहनीतील तेच मत कायम ठेवले गेले. म्हणजे शिकायला दार बंद आणि शिकवायलाही दार बंद. आमचा मुलगा एम.सीएच.च्या खुल्या स्पर्धेत उभा राहतो, तेव्हा समोरच्या मुलाखतीच्या टेबलावर आणि वॉर्डाच्या फेरीत त्याला आपला कोणी दिसत नाही, तो या निकालांचा परिणाम आहे.

न्यायालयाचा आदर ठेवून एक आठवण करून देतो. याच इंद्रा साहनी निकालाने पदोन्नतीतील आरक्षणही नाकारले होते. तेव्हा संसद गप्प बसली नाही. १९९५ मध्ये ७७ वी घटनादुरुस्ती झाली, कलम १६ मध्ये (४अ) हे उपकलम आले आणि अनुसूचित जाती-जमातींचा पदोन्नतीतील हक्क परत मिळाला. तो कर्मचारी संघटनांनी रेटा लावला म्हणून मिळाला. सुपर स्पेशालिटीसाठी असा रेटा कधी लागला? आपले खासदार, आपल्या गटातटांचे अध्यक्ष या विषयावर शेवटचे कधी बोलले? पदोन्नती लाखो कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न होता, म्हणून मोर्चे निघाले. एम.सीएच. मोजक्या पोरांचा प्रश्न वाटतो. पण त्या मोजक्या पोरांवर हजारो रोग्यांची मूत्रपिंडे अवलंबून आहेत, आणि माऱ्याच्या जागा म्हणतात त्या याच.

गुणवत्तेचा युक्तिवाद आम्हाला तोंडपाठ झाला आहे: शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात नसते, तिथे कौशल्य हवे. अगदी मान्य! पण आरक्षण आत जाण्यापुरते असते, बाहेर पडण्यासाठी नव्हे. तीन वर्षांनंतरची एम.सीएच.ची परीक्षा सगळ्यांना एकच, तेच परीक्षक, तेच रोगी. तिथे कोणी पाच गुण वाढवून मागितलेले नाहीत. आणि ज्या व्यवस्थेला गुणवत्तेची एवढी चाड, तिने सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पी.जी.ची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. का? जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून. पैसेवाल्याची खाजगी जागा रिकामी राहू नये यासाठी गुणवत्ता शून्यावर येऊ शकते, आणि दलित-आदिवासी मुलगा आत येऊ नये यासाठी ती आभाळाला भिडते. हे गणित कोणत्या शास्त्रात बसते?

थोडा इतिहासही सांगतो. ज्या के.ई.एम.मध्ये आमचे विरारचे रोगी रांगा लावतात, त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्यामागे एक अट होती: इथल्या जागांवर पात्र भारतीय डॉक्टरच नेमले जातील. कारण ग्रँट मेडिकल कॉलेजात मानाच्या जागा इंग्रज डॉक्टरांकडे असत, भारतीयाला पात्रता असूनही दारात थांबावे लागे. दात्यांनी अट घातली, नगरपालिकेने मान्य केली आणि त्या संस्थेने पुढे देशाला नामवंत सर्जन दिले. हे आरक्षण नव्हते तर काय होते? तेव्हा कोणी म्हटले नाही की इंग्रज सर्जनचा हात अधिक कुशल, म्हणून भारतीयाने बाहेर थांबावे. आज त्याच परळच्या फाटकात आमच्या मुलाला मात्र थांबायला सांगितले जाते.

प्रवेश मिळाला म्हणजे सुटलो असेही नाही. सर्जरी ही पुस्तकातून येणारी विद्या नव्हे. वरिष्ठ ज्याच्या हातात दुर्बीण देतो तो शिकतो; ज्याला फक्त कागद भरायला, रक्ताच्या बाटल्या आणायला आणि रात्री ड्रेसिंग करायला लावतो तो तीन वर्षे मागे उभा राहून बघतो. केस कोणाला द्यायची हे वरिष्ठ ठरवतो, आणि त्या ठरवण्यात जात कशी शिरते ते सिद्ध करायला कागद सापडत नाही. २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून कमी वेळ मिळणे, वसतिगृहात वेगळे पडावे लागणे, परीक्षेत दुजाभाव जाणवणे हे सारे अहवालात नोंदवले. तो अहवाल फडताळात गेला. बारा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईत नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजाच्या मुलीने जीव दिला. ती स्त्रीरोग विभागात दुसऱ्या वर्षाला होती. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केला, तिला शस्त्रक्रियेच्या कामापासून दूर ठेवले, अशी तिच्या कुटुंबीयांची तक्रार. त्यावर खटला दाखल झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी डॉक्टरांना शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी दिली. पायलचे शिक्षण मात्र अर्धेच राहिले. जळगाव जिल्ह्यातल्या त्या आईने पोरीला डॉक्टर करण्यापर्यंत सगळे केले होते. मुंबईत तिच्या पाठीशी उभी राहील अशी आपली एखादी मजबूत संघटना तेव्हा त्या वसतिगृहापर्यंत पोचली नव्हती, हे आम्हाला झोंबते.

म्हणून विद्यार्थ्याची तयारी म्हणजे केवळ क्लास नव्हे. तिसऱ्या वर्षाला असतानाच मुलाला कोणीतरी सांगितले पाहिजे की सर्जरीत गोडी असेल तर पुढे युरॉलॉजी नावाची वाट आहे. तिच्यात उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीचे काम अधिक, हात स्थिर हवा, पडद्यावर पाहून काम करण्याची सवय हवी. इंटर्नशिपमध्ये नळी घालताना ती नीट घालावी. घाईत, जबरदस्तीने घातलेली नळी मूत्रमार्गाला इजा करते आणि मग तो मार्ग आकसून रोगी जन्माचा अडकतो. असा आकसलेला मार्ग दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेत पुण्याचे नाव आज जगात आहे, परदेशचे सर्जन तिथे शिकायला येतात. आमचा मुलगा विरारहून तीन-चार तासांच्या अंतरावर असून तिथे पंधरा दिवस बघायला का जात नाही? कारण ते असते हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असले तरी पंधरा दिवस राहण्याची सोय नाही. सुट्टीत शहरातल्या एखाद्या युरॉलॉजिस्टकडे नुसते उभे राहून पाहायलाही ओळख लागते. सवर्ण घरात ती ओळख मामाच्या, काकाच्या रूपात जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्याकडे ती समाजाने उभी करावी लागेल.

नीट-एस.एस.चे ही तसेच. सर्जरी केलेल्या सगळ्यांचा पेपर एकच. त्यातून युरॉलॉजी, पोटाची सर्जरी, प्लास्टिक, मेंदू, हृदय असे फाटे फुटतात आणि युरॉलॉजीला मागणी फार. एम.एस.च्या तिसऱ्या वर्षी, अठरा-अठरा तास वॉर्डात राबताना तयारी करावी लागते. बार्टी प्रवेश परीक्षांची शिकवणी चालवते, स्वाधार योजना वसतिगृह न मिळालेल्या मुलांना आधार देते. त्यांचा फायदा घेतलाच पाहिजे. परंतु एम.एस.नंतरच्या एका वर्षासाठी पोटापुरते पैसे देणारी योजना सरकारने आखावी ही मागणी आपण कधी लावून धरली? मागण्या आपल्या पुतळ्याच्या उंचीपाशीच थांबतात.

तमिळनाडूने वेगळी वाट काढली. तिथल्या सरकारने सुपर स्पेशालिटीच्या निम्म्या जागा सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी ठेवल्या आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या प्रवेशाला आडकाठी केली नाही. हे जातीचे आरक्षण नव्हे, सेवेचे आहे. पण जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मुक्कामाला राहणारा डॉक्टर बहुतेकदा कोण असतो? ज्याच्या बापाचे रुग्णालय नाही तो. त्याला ही सवलत सरकारने पूर्ण ताकदीने दिली तर आपली आणि आदिवासींची मुले घटनादुरुस्तीची वाट न पाहताही एम.सीएच.पर्यंत पोचू शकतात. घटनादुरुस्तीची मागणी सोडा असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही रेटावे लागेल.

आणि पालघरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे काय? २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या महाविद्यालयांना मंजुरी दिली त्यात पालघरचे नाव होते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले. त्यात अंबरनाथ होते, गडचिरोली होते, पालघर नव्हते. जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण म्हणावे तर डहाणू तालुक्यातल्या सासवंदचे खाजगी महाविद्यालय, आणि खाजगीची फी ऐकूनच आमचा पालक परत फिरतो. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, वसई-विरार महापालिका त्याआधी पाच वर्षे. महापालिकेकडे वसईत सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळींजचे रुग्णालय आहे. या दोन ठिकाणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मूत्रविकारांची बाह्यरुग्ण तपासणी, आणि ज्यांच्या पोटात नळी ठेवली आहे अशा रोग्यांची नोंदवही, एवढे मागायला काय हरकत आहे? नळी कधी घातली, कधी काढायची, फोन नंबर कोणाचा. याला कोटींचा निधी लागत नाही, एक कारकून आणि एक वही लागते.

तशीच दुसरी वही विहारांनी ठेवावी. वसई-विरारमधून एम.बी.बी.एस.ला गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, महाविद्यालय, वर्ष, कोणत्या विषयाची ओढ, वसतिगृहात त्रास आहे का, शिष्यवृत्ती आली का. दर तीन महिन्यांनी एकाने फोन करावा. १४ एप्रिलला आपण रक्तदाब आणि साखर तपासण्याची शिबिरे घेतो. त्या टेबलावर हेच विद्यार्थी बसवावेत आणि पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाला रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे, लघवीतून कधी रक्त गेले का, हे विचारायला लावावे. विद्यार्थी शिकेल आणि म्हातारा बोलेल. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा डी.जे.वर न उडवता एम.एस. झालेल्या मुलाच्या त्या कोरड्या वर्षासाठी बिनव्याजी ठेवावा, त्याने एम.सीएच. झाल्यावर तो पुढच्या मुलाला फेडावा. नोकरीतल्या समाजबांधवांना हा हिशोब अवघड नाही.

यंदाच्या प्रवेशाच्या याद्या लागतील तेव्हा सत्कार जरूर करा. त्याच कार्यक्रमात ती वही टेबलावर ठेवा आणि पहिले नाव त्या दिवशीच लिहून घ्या, कारण त्या मुलाला एम.सीएच.च्या दारापर्यंत जायला अजून बारा वर्षे आहेत.